पडझड परवडली, जीर्णोद्धार नको

जुन्या वास्तूंचा विषय निघाला की आपल्याकडे सूर ठरलेला असतो. सरकारचं लक्ष नाही, निधी येत नाही, लोकांना किंमत नाही, म्हणून वारसा मातीला मिळतो आहे. वर्तमानपत्रांतल्या बातम्या याच चालीच्या, व्याख्यानं याच चालीची, आणि शेवटी शासनाने जागं व्हावं हे मागणंही तेच. हिंगोली-परभणीच्या पट्ट्यात राहून, इथली देवळं, बारवा, गढ्या येता-जाता पाहून मला मात्र ही मांडणी अर्धीच खरी वाटते. उपेक्षेने आमच्याकडच्या वास्तूंचं नुकसान केलं यात शंका नाही. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत त्याहून मोठं नुकसान आस्थेने केलं आहे. वर्गणीने केलं, निधीने केलं, गावाच्या उत्साहाने केलं. ओसाड पडलेलं देऊळ सातशे वर्षं तग धरून राहिलं आणि गावाने मनावर घेतल्यावर दोन उन्हाळ्यांत ओळखू येईनासं झालं, असं चित्र मराठवाड्यात कुठेही दिसेल.

परभणीहून औंढा नागनाथला जाणारा रस्ता जवळा बाजारमधूनच पुढे जातो. एरवी या गावाची ओळख बाजार समितीची, कापूस-सोयाबीनच्या गाड्यांची. श्रावणात आणि महाशिवरात्रीला मात्र रस्ता भाविकांचा होतो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक औंढ्यात आहे असं आम्ही मानतो (गुजरातचे लोक तो मान द्वारकेजवळच्या नागेश्वराला देतात, ते सोडा). हजारो माणसं तळघरासारख्या खोल गाभाऱ्यात वाकून उतरतात, पिंडीवर बेल वाहतात, वर येतात, प्रसाद घेतात आणि गाडी धरतात. त्यांतली फार थोडी देवळाला बाहेरून सावकाश फेरी मारतात. खरं देऊळ तर बाहेर आहे! यादवकाळातलं घडीव दगडाचं काम, कोनाकोनाने पुढे येणाऱ्या भिंती, त्यांवरचे शिल्पपट्ट, हत्ती, देवता, सुरसुंदरी. विसोबा खेचर आणि नामदेव यांची कथा सगळ्यांना पाठ असते, कीर्तनाच्या वेळी देऊळ फिरल्याची कथाही पाठ असते. पण त्याच देवळाच्या भिंतीवर काय कोरलं आहे असं विचारलं तर गप्प बसावं लागतं.

औंढ्याच्या देवळाकडे नीट पाहिलं की एक गोष्ट लहान मुलालाही कळते. खालचा भाग एका काळचा आहे आणि वरचा दुसऱ्या काळचा. खाली काळा दगड, कोरीव, चुन्याशिवाय एकात एक बसवलेला. वर विटा आणि चुन्याचं, गिलावा केलेलं, अगदी वेगळ्या वळणाचं शिखर. मूळ शिखर पडलं, आणि पुढे मराठेशाहीच्या काळात कुणीतरी वरचं बांधकाम नव्याने केलं. परंपरा हे श्रेय अहिल्याबाईंना देते. नाव कुणाचंही असो, ज्याने ते काम केलं त्याच्याविषयी मला आदर आहे. त्याने खालच्या दगडाला हात लावला नाही. यादवांच्या कारागिरांसारखं आपल्याला जमणार नाही हे त्याने ओळखलं, त्यांची नक्कल केली नाही, आपल्या काळाला जे येत होतं ते प्रामाणिकपणे वर ठेवलं. आज कुणीही बोट ठेवून सांगू शकतो की हे तेराव्या शतकाच्या आगेमागेचं आणि हे त्यानंतर चार-पाचशे वर्षांनी आलेलं. कलेच्या पंडितांनी त्या वरच्या भागाला ओबडधोबड म्हटलं तरी चालेल. माझ्या मते दुरुस्ती कशी करावी याचा धडा हिंगोली जिल्ह्यात याहून चांगला दुसरा नाही.

आता शेजारच्या कुठल्याही गावातलं महादेवाचं जुनं देऊळ घ्या. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण गोष्ट सगळीकडची आहे. आधी खांबांना ऑइलपेंट बसतो: गुलाबी, पोपटी, कडांना सोनेरी. मग गाभाऱ्यात बाथरूमच्या टाईल्स येतात, पाय घसरू नये म्हणून सभामंडपात खडबडीत फरशी येते. मूळ जोतं दोन फूट वर होतं, ते फरशीखाली जातं आणि उंबरठ्यावरचं कीर्तिमुख जमिनीत गाडलं जातं. पाणी गळतं म्हणून वर सिमेंटचा थर. पुढे आमदार निधीतून पत्र्याचं शेड, त्याचे लोखंडी खांब जुन्या ओट्यात भोक पाडून रोवलेले. दाराशी देणगीदारांच्या नावांची ग्रॅनाइटची पाटी. बाहेर पाराखाली दोन वीरगळ असतात, त्यांना शेंदूर थापत थापत त्यावरचा लढणारा वीर आणि त्याच्या डोक्यावरचे चंद्रसूर्य पुरते बुजलेले असतात. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. गावातली पोरं पुण्या-मुंबईला कामाला गेली, हातात पैसा आला, तो देवाला द्यावासा वाटला. दोष त्या वाटण्यात नाही. जुनं ते कुरूप आणि चकचकीत ते पवित्र, ही समजूत कुठून आली हा खरा प्रश्न आहे. मला वाटतं ती बऱ्याच अंशी शहरांतल्या संगमरवरी देवस्थानांनी आणि टीव्हीवरच्या पौराणिक मालिकांनी दिली.

रुचीचा भाग सोडून देऊ. ज्याला पोपटी खांब आवडतात त्याला ते आवडोत. पण यात बांधकामशास्त्रही आहे, आणि ते कठोर आहे. चुन्याचं काम श्वास घेतं. पावसाळ्यात शोषलेली ओल उन्हाळ्यात सांध्यांतून बाहेर पडते. सिमेंट ती वाट बंद करतं. ओल मग विटेतून वाट काढते, सोबत क्षार आणते, ते पृष्ठभागाखाली साचतात आणि पापुद्रे सुटू लागतात. काळा पाषाण टणक असल्याने बरंच सोसतो. शिखरातल्या विटा आणि चुना सोसत नाहीत. ऑइलपेंटचंही तसंच: दगडावर बसलेला रंग वीस वर्षांनी काढायचा म्हटलं तर कुणीतरी वाळूचा मारा सुचवतो, आणि त्या माऱ्यात रंगाबरोबर नाकडोळेही जातात. सुटे, चुन्याविना बसवलेले दगड धक्का बसला तर थोडे सरकतात आणि पुन्हा टेकतात. त्यांच्या भेगा सिमेंटने भरल्या की देऊळ एकसंध आणि ताठ होतं. मग हलायला जागा उरत नाही, ते तडकतं. हे शेवटचं आमच्याकडे फार महत्त्वाचं आहे. 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात साडेचार तीव्रतेचा भूकंप झाला, आणि त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा तेवढाच. जमीन हलते अशा भागात आपण राहतो, ही गोष्ट जीर्णोद्धार समितीच्या बैठकीत कधी निघते का?

पंढरपुरात जे घडलं ते या बाबतीत डोळे उघडणारं आहे. 2024 च्या मार्चमध्ये विठ्ठलाचं पदस्पर्श दर्शन बंद ठेवून मंदिराच्या संवर्धनाचं काम सुरू झालं, ते दर्शन 2 जूनला पुन्हा सुरू झालं. संपूर्ण आराखडा 73 कोटींच्या वरचा. त्यातल्या कामाचा एक मोठा भाग कोणता होता? आधीच्या पिढ्यांनी भक्तीपोटी बसवलेला संगमरवर आणि ग्रॅनाइट काढणं. खालचा दगड मोकळा झाला तेव्हा वारकऱ्यांना आपला विठोबा जुन्या घरात परतल्यासारखा वाटला, आणि काम चालू असतानाच मेच्या अखेरीस एक तळघर सापडून त्यात मूर्ती मिळाल्या. म्हणजे एका पिढीने देणग्या गोळा करून जे लावलं, ते उतरवायला पुढच्या पिढीने सरकारी तिजोरी उघडली. पंढरपूरला ते परवडलं. आमच्या गल्लीतल्या महादेवाला तो दुसरा फेरा कधीच मिळणार नाही. तिथे लागलेली टाईल म्हणजे कायमची लागलेली टाईल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. देऊळ जिवंत आहे, ते संग्रहालय नाही. लोक तिथे पूजा करतात, त्यांना सोय नको का? अहिल्याबाईंनी काशीला, वेरूळला, सोमनाथला नवं बांधलंच ना? बांधलं. पण ते पडलेलं उभं करणं होतं, उभं असलेलं झाकणं नव्हतं. पावसात भिजणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आडोसा हवा, बायकांना स्वच्छतागृह हवं, दिव्यांगांना उतार हवा, हे सगळं मान्य. ते देवळाला न टेकता, दहा पावलं अलीकडे बांधा. जागा आमच्याकडे मुबलक आहे, मुंबईसारखी अडचण नाही. सोयीचा मुद्दा मांडणाऱ्यांपैकी एकानेही मला आजवर हे पटवलेलं नाही की खांबाला पोपटी रंग दिल्याने नेमकी कुणाची सोय झाली.

उपेक्षेविषयीही बोललं पाहिजे, कारण वरचं वाचून कुणाला वाटेल की वास्तू सोडून दिली की ती सुखरूप राहते. तसं नाही. कळसाच्या सांध्यात पिंपळाचं रोप रुजलं आणि दहा वर्षं कुणी पाहिलं नाही की मुळं दगड ढकलून देतात. गुप्तधनाच्या नादाने अमावास्येला पिंडी उखडणारे आहेत, मूर्ती चोरणारे आहेत, घडीव चिरे गोठ्याच्या पायाला नेणारे आहेत. परभणी जिल्ह्यातलं चारठाणा घ्या. जिंतूर तालुक्यातल्या या गावात आणि शिवारात यादवकाळातल्या देवळांचा असा पसारा आहे की दुसऱ्या एखाद्या राज्यात त्यावर पर्यटनाचा अख्खा जिल्हा पोसला असता. उंच कोरीव स्तंभ, बारव, देवळांमागून देवळं. कितीतरी वर्षं त्यांतली बरीचशी झुडपांत होती. गोदाकाठच्या धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर तर त्याच्या विटांच्या शिखरासाठी अभ्यासकांत नावाजलेलं, आणि तेही दीर्घकाळ कलत, खचत उभं होतं. देगलूर तालुक्यातल्या होट्टलला चालुक्यकाळातली मंदिरं. तिथे अलीकडे संवर्धनाच्या कामात ढिगारे बाजूला केले तेव्हा आणखी देवळांचे पाये आणि शिलालेख उजेडात आले. इथे माझा मुद्दा उलट बाजूने सिद्ध होतो: ढिगाऱ्याखाली होते म्हणून ते शिलालेख वाचता आले. वर असते तर त्यांवर एव्हाना रंग चढला असता.

उपेक्षा झाली ती सगळी कृतघ्नतेमुळे झाली, हेही मला मान्य नाही. आपल्याला पूर्वजांना नावं ठेवायची आणि शेजाऱ्यांना दोष द्यायची घाई असते. बारवांचंच पाहा. मराठवाड्यात बारवा शेकड्यांनी आहेत. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव चक्राकार पायऱ्यांची, वरून पाहिली तर दगडी भोवऱ्यात उतरल्याचा भास होतो. अशा बारवा कचऱ्याने का भरल्या? नळ आला, बोअर आलं, हे तर कारण आहेच. पण त्याआधी नारू होता. जुन्या माणसांना विचारा, पायातून बाहेर येणारा तो दोरीसारखा किडा काडीला गुंडाळत गुंडाळत काढायचा, महिनामहिना माणूस अंथरुणावर. नारूचा रोगी पायऱ्या उतरून पाण्यात पाय घाली, किडा पाण्यात अळ्या सोडी, त्या पाण्यातल्या बारीक पिसवांच्या पोटात जात आणि तेच पाणी दुसरा पिई. पायऱ्यांची विहीर हे त्या रोगाचं घर होतं. 1980 च्या दशकात देशभर नारू निर्मूलनाचा कार्यक्रम चालला, पायविहिरी पिण्यासाठी बंद करा, विहिरींना कठडे बांधा, हे सरकारने सांगितलं आणि बरोबर सांगितलं. जुलै 1996 मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला, 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. म्हणजे आमच्या बारवा ओस पडल्या त्यामागे अडाणीपणा नव्हता, सार्वजनिक आरोग्यातलं एक मोठं यश होतं. त्या यशानंतर बारवेचं काय करायचं हे कुणी ठरवलं नाही, एवढीच चूक. वापर गेला आणि त्या जागी दुसरा आला नाही. रिकाम्या खड्ड्यात गावाने केर टाकला. कुठल्याही गावाने तेच केलं असतं.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत सुरू झालेल्या बारव मोहिमेचं मला कौतुक आहे. रोहन काळे या तरुणाने महाराष्ट्रभर फिरून बारवांच्या जागा नकाशावर आणायला 2020 च्या सुमारास सुरुवात केली, गावोगावची मंडळी जोडली गेली, शेकडो बारवांची नोंद झाली. महाशिवरात्रीला बारवांच्या पायऱ्यांवर दिवे लागू लागले. वालूरकरांनी श्रमदानाने गाळ उपसला तेव्हा बुजलेल्या पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या. या कामात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यात काही बांधलं गेलं नाही. घमेल्याने गाळ आणि प्लास्टिक बाहेर काढलं, झुडपं तोडली आणि तिथेच हात थांबवला. दुरुस्तीचा मोह न होणं ही मोठी शिस्त आहे. ती टिकली पाहिजे, कारण आता निधी येऊ लागला आहे, आणि निधी आला की पहिला प्रस्ताव पेव्हर ब्लॉक आणि रंगीत दिव्यांचा असतो.

वाडे आणि गढ्यांची कथा यापेक्षा अवघड. देवळाला निदान देव असतो, बारवेला पाणी. गढीला कोण आहे? हैदराबाद संस्थान 1948 ला गेलं, जहागिरी 1949 ला गेल्या, वतनं गेली. देशमुख-देशपांड्यांच्या चौसोपी वाड्यांत चार भावांची सोळा वारसदार मुलं झाली, त्यांतली बारा शहरात. देवडीवर झाड उगवलं तर ते कुणी तोडायचं यावर दिवाणी दावा. आणि गढीची माती तर गावाने खणून खणून नेली, कारण माळवदावर घालायला पांढऱ्या मातीसारखी दुसरी माती नाही. पाणी न झिरपू देणारी, उन्हात न भेगाळणारी. गावाचा इतिहास अशा रीतीने टोपलीटोपलीने गावाच्या छपरांवर चढला. यात दुःख मानावं की नाही मला ठरवता येत नाही. इतिहास निदान कुणाच्या तरी डोक्यावर सावली धरून होता.

पण त्या माळवदांनीच पुढे भीती घातली. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट मराठवाडा विसरणार नाही. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत हजारो माणसं गेली ती भूकंपाइतकीच मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंतींनी आणि वरच्या टनावारी मातीने गेली. त्यानंतर घराघरांतून माळवदं उतरली, पत्रे आले, स्लॅब आले. या लोकांना जाऊन वाड्यांचं सौंदर्य सांगणं मला निर्लज्जपणाचं वाटतं. वारशावर लिहिणारे आम्ही लोक याबद्दल फारसं बोलत नाही. जुनं सगळं सुरक्षित नव्हतं, ते वाचवायचं तर आधी त्यात राहणाऱ्याचा जीव वाचेल असं करून द्यावं लागेल.

या बाबतीत फिलिपिन्सचं उदाहरण मला उपयोगी वाटतं, कारण तो देशही भूकंपाचा, गरिबी-श्रीमंती शेजारी नांदवणारा, परकी राजवटीतून बाहेर पडलेला. तिथल्या स्पॅनिश काळातल्या घरांची धाटणी अशी की खालचा मजला दगडविटांचा आणि वरचा हलक्या लाकडाचा. जमीन हलली तर वरचा भाग डुलतो, कोसळून चिरडत नाही. आपण नेमकं उलट केलं होतं, सगळ्यात जड ते सगळ्यात वर. तिथल्या विगन शहरात अशा घरांच्या गल्ल्याच्या गल्ल्या उभ्या आहेत आणि 1999 साली युनेस्कोने ते शहर जागतिक वारशात घेतलं. त्याच देशाच्या राजधानीत, मनिलात, 1940 सालची जाई अलाई नावाची देखणी इमारत न्यायालयासाठी जागा हवी म्हणून 2000 साली लोकांचा विरोध मोडून पाडली. अशा घटनांतून शिकून त्यांनी 2010 मध्ये कायदा केला आणि त्यात एक तत्त्व घातलं: पन्नास वर्षं जुनी इमारत मुळातच महत्त्वाची मानायची, तिला हात लावणाऱ्याने आधी कारण दाखवायचं. कायदे तिथेही मोडतात, पाडापाडी तिथेही होते. पण सिद्ध करण्याचं ओझं कुणावर टाकायचं हे त्यांनी ठरवलं.

आपल्याकडे ते ओझं दगडावर आहे. 1958 चा केंद्राचा कायदा शंभर वर्षं जुन्या वास्तूला पात्र समजतो, पण संरक्षण मिळतं ते घोषणा झाल्यावर. राज्याचा 1960 चा कायदाही घोषणेशिवाय हलत नाही. महाराष्ट्रात केंद्राच्या यादीत 286 स्मारकं आहेत, राज्याच्या यादीत पावणेचारशेच्या आसपास. ग्रामपंचायती अठ्ठावीस हजारांच्या घरात. भागाकार वाचकांनी करावा. शिवाय यादीत नाव आलं म्हणजे वास्तू जागेवर राहीलच असंही नाही. महालेखापरीक्षकांनी 2013 साली देशातली 92 संरक्षित स्मारकं सापडत नसल्याचं दाखवलं. पुढे त्यांतली काही सापडली, आणि 2022 अखेर संसदेच्या समितीपुढे 50 अजून बेपत्ता होती: 14 शहरांनी गिळलेली, 12 धरणांखाली गेलेली, 24 चा पत्ताच नाही. दुसरीकडे 2010 च्या दुरुस्तीने केंद्रीय स्मारकाच्या शंभर मीटरात बांधकामबंदी आणि पुढच्या दोनशे मीटरात परवानगीची अट आली. त्यामुळे गावं आता यादीलाच घाबरतात. ‘पुरातत्ववाले आले की स्वतःच्या घराला खिळा ठोकता येत नाही’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ते अगदीच खोटं नाही.

मग नोंद कुठे करायची? जागा तयार आहे, फक्त तिचा विचार कुणी केलेला नाही. ग्रामपंचायतीत नमुना 8 असतो, घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. गावातलं प्रत्येक बांधकाम त्यात आहे: मातीचं, दगडविटांचं, आरसीसी. बांधकामाचं वयही लागतं, कारण 2015 अखेरच्या नियमांनुसार कर भांडवली मूल्यावर बसतो आणि त्यात वयाप्रमाणे घसारा धरतात. म्हणजे इमारत जितकी जुनी तितकी तिची किंमत कमी. शासनाच्या दफ्तरात इमारतीच्या वयाचा हा एवढाच उपयोग आहे! दोनशे वर्षांचा वाडा त्या हिशेबाने जवळजवळ फुकट. याच वहीला जोडून एक साधं रजिस्टर ठेवायला कुठला कायदा आड येत नाही. देऊळ, बारव, गढी, वेस, बुरूज, वीरगळ, दर्गा, समाधी, जुना वाडा. कुठे आहे, आजची अवस्था काय, दोन छायाचित्रं, तारीख. संरक्षणाची घोषणा नको, बंदी नको, शंभर मीटर नको. नुसती नोंद. उद्या वीरगळ जागेवरून गेला तर तो तिथे होता हे तरी सांगता येईल. आज तेही सांगता येत नाही.

नोंद करायची तर जाऊन पाहावं लागतं, आणि इथे आपण सगळेच उणे पडतो. आमच्या शाळांच्या सहली वेरूळ-अजिंठ्याला, दौलताबादला जातात, ऐपत असली तर रायगड-प्रतापगडला. जाव्यात. पण इथल्या किती मुलांनी चारठाणा पाहिलं आहे? जिंतूरच्या नेमगिरीवरची जैन लेणी किती शिक्षकांनी पाहिली आहेत? नर्सी नामदेवला एकादशीला जाणारे पुष्कळ, पण वाटेतल्या गावच्या वेशीशी उतरून तिथला शिलालेख कशावर कोरला आहे हे बघणारा विरळा. पाहण्याची सवय नसलेल्या गावाने रंगाचा डबा आणला तर नवल नाही, कारण आपण काय झाकतो आहोत हे त्याला ठाऊकच नसतं. डॉ. गो. बं. देगलूरकर आणि डॉ. प्रभाकर देव यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठवाड्यातली मंदिरं पायी तुडवून त्यांवर ग्रंथ लिहिले. त्या ग्रंथांत ज्या गावांची नावं आहेत त्या गावांतल्या वाचनालयांत ते ग्रंथ असावेत, एवढीही व्यवस्था आपण केलेली नाही.

आता तर औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने 2,600 कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंनी, अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल मोजून, अब्जावधी वर्षांपूर्वी कृष्णविवरं आदळल्याची थरथर पकडायची असा तो उद्योग. देशोदेशींचे शास्त्रज्ञ इथे येतील, राहतील, रविवारी मोकळे असतील. ते औंढ्याला जातील आणि भिंतीवरच्या मूर्तींविषयी आम्हाला विचारतील. त्यांच्यासाठी घाईघाईने सुशोभीकरण होईल याची मला खात्री आहे, आणि तीच मला धास्ती आहे. सुशोभीकरणाच्या आराखड्यात कमान असते, कारंजं असतं, फोटो काढायला इंग्रजी अक्षरं असतात. चुना मळणारा गवंडी त्यात नसतो. चुन्याच्या घाणीवर बेलफळ-गुळाचं पाणी घालून काम करणारी माणसं महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतकी उरली असताना आयटीआयमध्ये त्या विद्येची एक तुकडी काढा, ही मागणी मी अद्याप कुठल्याही निवेदनात वाचलेली नाही.

तेव्हा वाचकांना विनंती निधीची नाही. ग्रामसभा 26 जानेवारीला असते, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला असते. गावातल्या जुन्या बांधकामांचं रजिस्टर ठेवावं असा विषय लेखी अर्जाने आधी द्या, पोच घ्या, शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना पहिल्या नोंदीचं काम द्या. देवळाच्या कामासाठी वर्गणी मागायला कुणी आलं तर द्या, पण गाळ उपसायला, झाडाचं रोप काढायला, पाण्याला वाट करून द्यायला द्या. आणि रंगासाठी, टाईल्ससाठी, सिमेंटसाठी मागितली तर पाच रुपयेसुद्धा देऊ नका.